टाचण्यांचं लोहचुंबक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. हे माझ्या धाकट्या मामाच्या घरी घडलं. पुरावा म्हणून जे उरलंय, ते मी स्वतःच्या हाताने मोजून आलोय.

आणि रात्र नव्हती. रविवारची दुपार होती, साडेतीनची. मागच्या खोलीत इतकं ऊन, की फरशीवर पडलेला केसही दिसावा.

मामाचं काम वजनकाटे तपासायचं. दुकानं हिंडायची, काट्यात खोट नसेल तर शिक्का मारायचा. ऑफिसात त्याला 'काटा'च म्हणतात. चुकीचा आकडा दिसला की त्याला अन्न गोड लागत नाही.

मामी शिवणकाम करायची. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, तिचं पायाचं मशीन. खडखड धावायचं, थांबायचं. ती कापड वळवायची. पुन्हा धावायचं, पुन्हा थांबायचं. संध्याकाळी ती एक बटणाएवढं लोहचुंबक फरशीवरून फिरवायची आणि सांडलेल्या टाचण्या वेचायची, जशी कुणी अंगणातली फुलं वेचावीत.

मामा वैतागायचा. "अगं, बंद कर ना ते! डोकं उठलं."

"एवढी एक शिवण. झालंच."

ती एवढीशी शिवण कधी झालीच नाही. मामी गेली.

तीन महिन्यांत मामाने मशीन विकलं. बघवत नाही म्हणाला. टाचण्यांचा डबा तेवढा कपाटात राहिला.

पुढच्या वर्षी मामाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "रोज सायकल चालवा, पण हलक्या गिअरवर. मिनिटाला पेडलच्या ऐंशी फेऱ्या. साठच्या खाली जोराने रेटत बसलात, तर गुडघा पुन्हा उघडावा लागेल. मग तुमची ती पायी हिंडायची नोकरी विसरा."

नोकरी गेली, तर त्या रिकाम्या घरात दिवसभर करायचं काय? मामाने दुसऱ्याच दिवशी सायकलचं दुकान गाठलं.

दुकानदाराने फेऱ्या मोजणारी तीन मीटरं पुढ्यात मांडली. "हे बिनतारी, काका. हे फोनला जोडायचं. आणि हे जुन्या पद्धतीचं. पेडलच्या दांड्याला लोहचुंबक, चौकटीला सेन्सर. चुंबक समोरून गेलं की एक फेरी."

"हेच द्या. आकडा कुठून आला ते डोळ्यांना दिसलं पाहिजे."

मामाने सायकल मागच्या खोलीत स्टँडवर चढवली. मशीनच्या जागी. पहिला आठवडा झकास गेला. ऐंशी म्हणजे ऐंशी.

मग एकदा सायकल दारात धुताना ते चुंबक निसटलं आणि गटाराच्या जाळीत गेलं.

"नवीन यायला महिना लागेल, काका," दुकानदार म्हणाला.

"महिन्यात माझा गुडघा गंजेल!"

घरी येऊन त्याने कपाट उघडलं. टाचण्यांचा डबा. त्यात ते बटणाएवढं लोहचुंबक.

माप अगदी बरोबर होतं. त्याने ते दांड्याला बांधलं. मामीच्याच काळ्या दोऱ्याने.

मीटर लगेच चालू झालं... आणि तिथूनच सगळं बिनसलं.

आकडा रोज ऐंशीच्या वर. गुडघा मात्र सुजून टम्म. त्यात चेनने पँटचा पायचा चावून वीतभर फाडला. मामी असती तर म्हणाली असती, "ठेव तिथे, शिवून देते." मामाने ती पँट चिडून खुर्चीवर फेकली. ती तिथेच राहिली.

डॉक्टर गुडघा दाबत म्हणाले, "तुम्ही रेटताय."

"ब्याऐंशी आहे हो आकडा!"

"मग आकडा खोटा असेल."

हे मामाला! घरी येऊन त्याने घड्याळ लावून तोंडाने फेऱ्या मोजल्या. त्याच्या पंचावन्न. मीटरवर ब्याऐंशी.

वरच्या सत्तावीस फेऱ्या कुणाच्या?

मामा दुकानात गेला. सेल बदलला. सेन्सर बदलला. शेवटी अख्खं मीटर बदललं. आकडा तसाच. दुकानदाराने हात जोडले. "काका, मीटर नवं, तार नवी, सेल नवा. जुने फक्त तुम्ही राहिलात."

मामा तणतणत घरी आला. तोच हा रविवार.

तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून स्टुलावर बसला होता. सायकल स्टँडवर. पेडल स्थिर. खिडकी बंद.

मीटर आपोआप उजळलं...

शून्य.

मग चाळीस... सत्तर... शहाण्णव...

पेडल हललं नव्हतं.

शून्य.

मामाला भीती वाटली नाही. त्याला संताप आला. दुकानदाराच्या तोंडावर मारायला त्याने वही काढली, खोटा काटा पकडल्यावर काढतो तशी. किती सेकंद आकडा, किती सेकंद शून्य, सगळं लिहू लागला.

अकरा सेकंद धाव. तीन सेकंद थांबा.

अकरा धाव. तीन थांबा.

मग एक लांब थांबा...

वहीवरून बोट फिरवताना मामाचा धड पाय आपोआप फरशीवर ठेका धरू लागला. धावली, थांबली. कापड वळवलं. धावली, थांबली.

बावीस वर्षं ऐकलेला ठेका. पाय विसरला नव्हता.

मामाच्या हातातून पेन्सिल गळली.

त्याने मीटरकडे पाहिलं. शहाण्णव. आणि माणूस घाबरला की तोंडात जे जुनं बसलेलं असतं, तेच बाहेर येतं.

"अगं, बंद कर ना आता!" तो ओरडला. "माझा गुडघा चाललाय!"

त्याने काळा दोरा हिसकून तोडला. चुंबक ओढून काढलं.

शून्य.

आणि खोली गप्प झाली...

इतकी गप्प, की मामाच्या तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ ती गप्प नव्हती. काहीतरी वाजत होतं. ओळखीचं. इतकं ओळखीचं, की कानांनी त्याची दखलच घेतली नव्हती.

कितीतरी वेळाने तो उठला. खुर्चीवरची पँट उचलली.

फाटलेला पायचा शिवलेला होता.

अर्धा.

बारीक, एकसारखी, मशीनची शिवण. मधेच तुटलेली. दोरा काळा, टोक लोंबकळतंय. खुर्ची सावलीत होती, पण शिवणीपाशी कापड कोमट लागत होतं...

हे मामाने पहिल्यांदा माझ्या आईला सांगितलं. आई म्हणाली, "आण इकडे ती पँट, चार टाके घालून देते." मामा तिच्यावर खेकसला, "ताई, हात लावायचा नाही तिला!"

पुढे दुकानातून नवं चुंबक आलं. आकडा खरा दाखवू लागलं. गुडघ्याची सूज उतरली, नोकरी टिकली. डॉक्टर खूश.

मामा मात्र दर रविवारी साडेतीनला नवं चुंबक सोडतो आणि जुनं काळ्या दोऱ्याने बांधतो. स्टुलावर बसतो. मीटरकडे डोळे लावून.

शून्य.

तासभर शून्य.

गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा तो तसाच बसलेला. पँट मागे खुर्चीवर, घडी न मोडलेली. शेजारी ती वही. त्यात त्या रविवारी लिहिलेलं: 'शिवायचं शिल्लक, नऊ सेंटीमीटर.' खाली सही आणि तारीख, ऑफिसात करतो तशी.

मी सहज मामीची मापाची टेप उरलेल्या फाटक्या भागाला लावली.

सात.

पुन्हा लावली. सातच.

"मामा, हे नंतर परत मोजलंस कधी?"

"एकदा मोजलेलं परत मोजायला मी काय शिकाऊ आहे?" त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. बोटाने मीटरवर टकटक केलं. "बघ ना, शून्य. तेव्हा नको म्हटलं तर धावत होतं. आता ये म्हणतोय, तर ढिम्म. बिघडलेलं मीटर!"

त्याचा आवाज चिडका होता. डोळे नव्हते.

मी टेप गुंडाळून जागेवर ठेवली.

सात सेंटीमीटर उरलेत. ते शिवून झाले, की त्या खोलीत पुन्हा कुणी येईल का... की तिथे बसलेलाच कुणी मामीच्या मागे उठून जाईल...

मामाला सांगायची माझी अजून छाती होत नाही.