भिंत रोज बुटकी होते

“काल अकरा थर होते. आज सात,” मिरची म्हणाली. “चार थर गेले कुठे?”

“जमिनीत,” ढब्बू म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. पोटात काही गेल्याशिवाय त्याचं डोकं चालत नसे.

“परत मोज,” शंका म्हणाली. ही त्यांची मामेबहीण. इतक्या शंका काढायची, की तिचं खरं नाव घरचेसुद्धा विसरले होते.

परत मोजलं, तरी सातच.

सुट्टीत मामाने तिघांना विमानात घातलं ते याच कामासाठी. परदेशात जायचं आणि गरजू कुटुंबांसाठी घरं बांधायची. मामा पंचवीस स्वयंसेवकांचा म्होरक्या. गळ्यात शिट्टी, हातात कॅमेरा. या घराच्या तीन भिंती गवंड्याने आधीच उभ्या केल्या होत्या. दाराकडची चौथी तेवढी सात थर लावून पाहुण्यांसाठी सोडली होती आणि नेमकी तीच वाढत नव्हती.

“मोजायला चुकलात,” मामा म्हणाला. “चला, फोटोला उभे राहा.” झालं, त्याच्यापुरता विषय संपला.

पण तो संपण्यासारखा नव्हताच. ज्यांचं हे घर, ती माणसं सध्या शाळेच्या एका वर्गात राहत होती. आई, थकलेले आजोबा, वेणीवाली मुलगी आणि तान्हं बाळ. सोमवारी शाळा उघडणार होती. तोवर घर उभं राहिलं नाही, तर चौघांचा संसार रस्त्यावर येणार होता. आणि आज बुधवार होता.

“तो गवंडीच विटा पळवतोय,” शंका म्हणाली. “बघतो कसा आपल्याकडे!”

खरंच, धान्यात शिरलेल्या उंदरांकडे बघावं तसा तो बघायचा. वेणीवालीचं तर विचारूच नका. पहिल्या दिवशी मिरचीने दोस्तीसाठी हात पुढे केला, तर त्या हातात रिकामी बादली देऊन ती चालती झाली. मिरचीच्या मनात ते अजून सलत होतं.

गुरुवारी नुकतं उजाडलं होतं. तिघं वाळूच्या ढिगाआड लपली. थोड्या वेळाने गवंडी आला. त्याच्यामागून वेणीवाली आणि तिची आई आल्या. गवंड्याने हातोडी घेतली आणि पाहुण्यांनी लावलेले थर सरळ उतरवायला सुरुवात केली. आई विटांवरचं सिमेंट खरवडत होती, वेणीवाली विटा रचत होती.

“पकडलं!” मिरची बाहेर उडी मारून ओरडली. “स्वतःच्याच घराची चोरी करता?”

वेणीवाली तरातरा पुढे आली. दोघींना येणाऱ्या मोडक्यातोडक्या भाषेत ती म्हणाली, “चोरी तुम्ही करताय. आमचे दिवस चोरताय.”

गवंड्याने मिरचीच्याच हातची एक वीट दोन बोटांनी उचलली. ती अलगद सुटून आली. मग त्याने एक कोरडी वीट पाण्याच्या पिंपात टाकली. बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली.

“बघ किती तहान आहे तिला,” तोही त्याच भाषेत म्हणाला. “कोरडी लावली की सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते. मग पकड राहत नाही. वारा आला की ही भिंत बाळाच्या अंगावर.”

मिरचीने विचारलं, “मग सांगितलं का नाहीत?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं. तुझ्या मामाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि फोटो काढला.”

“आणि तुम्हाला नको म्हटलं,” वेणीवाली म्हणाली, “तर तुमच्याबरोबर तुमच्या पैशाच्या विटाही जातील. दिवसभर तुम्ही लावता, सकाळी आम्ही काढतो. सोमवारपर्यंत काय डोंबल होणार?”

मिरचीला तिचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली. तिने स्वतः एक कोरडी वीट उचलून पिंपात टाकली.

नाश्त्याला तिघांनी मामाला गाठलं. तो वैतागला. “माणसं एवढ्या लांबून आलीत. त्यांना काय विटा भिजवायला लावू? उगाच खुसपटं काढू नका.”

“सरळ सांगून उपयोग नाही,” शंका कुजबुजली. “बाबांना मी ओळखते.” आणि गोड आवाजात म्हणाली, “बाबा, घर तर त्यांचं होणार. तुमची आठवण काय राहणार इथे? झाडाखाली एक बाक बांधा ना. उजेडही तिथे झकास आहे, फोटोला.”

मामाचे डोळे चमकले. दहाव्या मिनिटाला शिट्टी वाजली आणि पंचवीसच्या पंचवीस जण टाकाऊ विटा घेऊन झाडाखाली पळाले.

मग इकडे खरं काम सुरू झालं. मिरची विटा भिजवायची, ढब्बू वाळू चाळायचा, शंका पाणी भरायची. तळहात सोलून निघाले. कौतुकाचा एक शब्द मिळेल तर शपथ. “ही भिजली नाही,” म्हणत वेणीवाली वीट परत पिंपात फेकायची आणि मिरचीच्या तोंडावर पाणी उडायचं.

“मुद्दाम करते,” ढब्बू म्हणाला.

“करू दे. वीट खरंच भिजली नव्हती,” मिरची चेहरा पुसत म्हणाली.

शनिवारी भिंत पूर्ण झाली. रविवारी सकाळी पत्रे चढले, दार बसलं आणि दुपारी चौघं सामान घेऊन आले.

मामा भाषणासाठी आपल्या बाकावर चढला. “मित्रहो,” एवढंच म्हणाला आणि बाकाची कड सुटली. मामा धपकन जमिनीवर बसला. गवंडी आठवड्यात पहिल्यांदा हसला.

मामाने शेजारची वीट ओढली. ती अलगद हातात आली. त्याचा चेहरा उतरला. “ही भिंतही अशीच...?”

“अशीच झाली असती, मामा,” मिरची म्हणाली.

मामा उठून गवंड्यापाशी गेला. “तुम्ही हेच सांगत होतात. मी ऐकलं नाही. चुकलो.”

“पोरांनी ऐकलं,” गवंडी म्हणाला. “काल या पोरीने भिजवलेल्या विटांतली एकही परत टाकावी लागली नाही.”

मामाने तिघांच्या पाठी थोपटल्या. मिरचीला मात्र गवंड्याचंच बोलणं पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.

तेवढ्यात पंचवीस कॅमेरे घराकडे निघाले. सगळ्यांना आत जाऊन फोटो काढायचा होता. वेणीवाली उंबऱ्यात उभी होती. तिने गर्दीकडे पाहिलं, मिरचीकडे पाहिलं, हसली मुळीच नाही, आणि धाडकन दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

“हे काय?” मागून कोणीतरी म्हणालं. “आपणच बांधलं ना हे घर?”

मामा शिट्टीकडे हात नेणार होता. तो थांबला.

“चला, मागे फिरा सगळे,” तो म्हणाला. “घरात माणसं आहेत.”