बाराव्या ओळीला दिलेलं नाव

आधीच सांगते. 'मस्त स्टोरी, अजून येऊ द्या' असं खाली लिहिणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं. ही माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली गोष्ट आहे. मी ती करमणुकीसाठी सांगत नाही.

मंगळवार, १६ मे २०२३. भिलाईतलं रिसाली.

वेळ... दुपारचे पावणेचार.

हो, दुपारचेच. अमावस्या नाही, पिंपळ नाही. बाहेर नुसती उन्हाळ्याची लू, म्हणजे भाजणारा वारा, वाहत होती.

माझी सिंधुमावशी मूळची भंडाऱ्याकडची. मावसाजी स्टील प्लांटमध्ये होते, ते आदल्या वर्षी वारले. घरात उरले तिघं. मावशी, तिचा मुलगा कौस्तुभ, आणि एकोणीस वर्षांची टीना.

मावशीचा एक नियम होता. बाहेरून एकच हाक आली, तर ओ द्यायची नाही.

"माणूस तीनदा हाक मारते," ती म्हणायची. "हाकामारी एकदाच मारते. ओ देल्ली का गेलं माणूस."

टीना खिदळायची. "आई, दूधवाला बी एकदाच वरडते. तो भूत हाय का?"

"हास, हास. तुले सांगून राहिली ना मी, ते ध्यानात ठेव."

हसत हसत का होईना, पाळायचे सगळे. कौस्तुभसुद्धा.

हा कौस्तुभ हथखोजच्या औद्योगिक भागातल्या एका लहान कंपनीत प्रोग्रामर. अकरा कारखान्यांच्या भट्ट्यांचं तापमान तिथल्या कॉम्प्युटरांत साठायचं. त्या फाइली रोज ऑफिसात ओढून आणायच्या, हे त्याचं काम. जुना प्रोग्राम रेशनच्या रांगेसारखा होता. पुढचा अडला की मागचे सगळे उभे. साहेब रोज बोलायचे, कौस्तुभ रोज ऐकून घ्यायचा.

म्हणून त्याने नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेतली. हिची तऱ्हा वेगळी. कुणासाठी थांबायचं नाही. सगळ्यांना एकदमच निरोप धाडायचा आणि मोकळं व्हायचं. ज्याचं उत्तर येईल, त्याच्यापुरतं उठायचं.

फाइल देण्याआधी समोरचं मशीन हाक मारतं, की मी तयार आहे. ती हाक आली रे आली की प्रोग्रामने आपलं नाव सांगायचं.

म्हणजे... एका हाकेत ओ.

मावशीचा नियम त्याला तेव्हा आठवला नाही. कसा आठवणार? तो घरचा, हे ऑफिसचं.

पोराने दोन चुका केल्या. साहेबांनी दिलेली कॉम्प्युटरांच्या पत्त्यांची यादी त्याने न वाचता जशीच्या तशी चिकटवली. आणि कुणापुढे लॉगिनचं नाव लिहिलेलं नसेल तर प्रोग्राम अडू नये, म्हणून एक राखीव नाव घालून ठेवलं. तात्पुरतं काही लिहायचं झालं की घरच्यांची नावं टाकायची त्याची सवय होती.

त्याने टाकलं, 'टीना'.

पावणेचारला त्याने प्रोग्राम सुरू केला. स्क्रीनवर भराभर हिरव्या ओळी आल्या. अकरा कारखाने, अकरा ओळी. खुशीत येऊन त्याने शेजारच्या टेबलावरच्या नरेशला हाक मारली.

आणि मग आली...

बारावी.

कारखाने तर अकराच होते. बाराव्या ओळीपुढे कारखान्याचं नाव नव्हतं, लॉगिनचंही नव्हतं. नुसता आकड्यांचा पत्ता. एरवी मशीन हाक मारतं तेव्हा आपलं नाव-गाव सांगतं. इथे फक्त एक शब्द होता.

'कोण?'

कौस्तुभ तो शब्द नीट वाचतोय न वाचतोय, तोवर खाली प्रोग्रामचं उत्तर उमटलंसुद्धा.

'टीना'.

यानंतर समोरून पासवर्ड मागतात. तो कुणी मागितलाच नाही.

'बरं', असं आलं... आणि मागोमाग एक फाइल.

नरेश पाठीशी येऊन वाकला. "अबे, ये नंबर तो उस बंद फैक्ट्री का है. दो साल से वहाँ लाइट ही नहीं. कंप्यूटर मैंने खुद कबाड़ी को दिलवाया था!"

कौस्तुभला वाटलं, हा मस्करी करतो. पण नरेशचं तोंड उतरलं होतं.

फाइल आवाजाची होती. दोन सेकंदांची. त्याने हेडफोन लावला.

आधी कूलरची घरघर. त्यांच्या घरचा कूलर. त्याची एक पाती घासते, तो आवाज भावाला ओळखू येणार नाही होय?

मग एक हाक.

"टीना..."

कौस्तुभच्या स्वतःच्या आवाजात.

एकदाच.

त्याने घरी फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला. मावशीने उचलला.

"आई, टीना कुठी हाय?"

"कुठी म्हंजे? तुयाकडंच तं गेली. तूच नाही का आता फाटकातून हाक मारली?"

"मी ऑफिसात हावो, आई!"

मग मावशीने इतकंच विचारलं, "मंग... आवाज तं तुयाच होता ना रे?"

मावशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. हाक तिनेही ऐकली. पण पोटच्या पोराची हाक कोणती आई मोजत बसते? टीनाने "ओ, आली दादा" म्हटलं आणि गेली. अनवाणी. मे महिन्याच्या त्या डांबरावर.

टीना सापडली नाही. पोलिसांत रपट दिली. स्टेशन, दवाखाने, पार उतईपर्यंत गावं पालथी घातली. कौस्तुभने तो प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवला. राखीव नाव पुसलं. पाठवलेलं रद्द करायचा हुकूम दिला. अकरा ओळी हिरव्या व्हायच्या आणि बाराव्या पत्त्यावरून चकार शब्द नाही.

"ताई, जुना प्रोग्राम असता ना, तं तो अडकला असता," तो मला नंतर म्हणाला. "नाव जायच्या आधी मी पाह्यलं असतं. मीच त्याले शिकवलं, थांबू नोको म्हून."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण पोरगं आतल्या आत झुरत होतं. मला त्याला ते म्हणवेना.

आणि मग नवव्या दिवशी... पावणेचारला... फाटकाकडून हाक आली.

"आई..."

टीनाचा आवाज. एकदाच.

मावशी उठली. कौस्तुभ घरीच होता म्हणून बरं. त्याने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. ती त्याला चावली. फाटकात कुणी नव्हतं.

"खरंच आली असन तं?" मावशी रडत म्हणाली. "उन्हात उभी हाय रे लेकरू. म्या ओ नाही देल्ली तं ते मनात काय म्हनन?"

दुसऱ्या दिवशीही हाक आली. तिसऱ्या दिवशीही. जन्मभर आम्हाला बजावणारी ती बाई रोज दुपारी तीनपासून दाराकडे तोंड करून बसायला लागली. आणि कौस्तुभ रोज ऑफिस सोडून घरी यायचा, पावणेचारला तिच्या तोंडावर हात ठेवायला. नोकरी गेली. तो हात ठेवतच राहिला. पाच महिने.

आपल्या प्रोग्रामने नाव दिलं, हे त्याने मावशीला कधी सांगितलंच नाही.

प्रोग्रामचं आणि हाकांचं हे सगळं मला कळलं ते ऑक्टोबरात. एका दुपारी तो दुर्गला माझ्या घरी आला. वाळून काडी झालेला. बसला आणि पहिल्यापासून सगळं सांगत गेला. मी ऐकत राहिले. मग सहज घड्याळाकडे नजर गेली.

तीन चव्वेचाळीस.

"कौस्तुभ... मावशीजवळ कोन हाय?"

"कोनी नाही."

"आन् तू इथं कावून बसला?"

तो जमिनीकडे बघत होता. "थकलो, ताई. ती रोज माया पाया पडते. म्हणते, एकडाव ओ देऊ दे. एकडाव."

मी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला मावशीने उचलला. आवाज इतका हलका, इतका आनंदी. टीना गेल्यापासून तो मी ऐकला नव्हता.

"अनुजा? थांब वो बाई जराशी..."

मागे कूलर घरघरत होता. मग दुरून काहीतरी आलं. मला शब्द लागला नाही. मावशीला लागला.

"ओ! आली वो माय, आली!"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मी "मावशी, मावशी" करत राहिले. तीनदाच काय, तीसदा हाका मारल्या असतील.

कूलर तेवढा चालू होता.

मी फोन खाली ठेवला. कौस्तुभ समोरच बसला होता. आई काय म्हणाली, हे त्याने विचारलं नाही.

अजूनही विचारलेलं नाही.