केंद्र कुळगावकडे

यंत्रं नव्हती तेव्हाचा भूकंप माणसांकडूनच मोजावा लागतो, आणि माणसांचं काय सांगावं! कोणी म्हणतं घर जरा हललं, कोणी म्हणतं जग बुडालं. सुनेत्रा सगळं मुकाट ऐकून घ्यायची आणि हळूच भांड्यांवर यायची. मांडणीवरच्या वाट्या नुसत्या वाजल्या, की खाली आल्या? भिंतीला चीर गेली, की भिंतच गेली? त्यावरून त्या जागेला एक आकडा मिळे. सारख्या आकड्यांच्या जागा नकाशावर रेषेनं जोडल्या की कांदा कापल्यासारखी वर्तुळं दिसत. सगळ्यांत आतलं वर्तुळ म्हणजे भूकंपाचं केंद्र.

हा भूकंप सत्तर वर्षांपूर्वीचा, बारवी धरण व्हायच्या आधीचा. सुनेत्रा गावं हिंडायची आणि तिची सहकारी माधवी अंबरनाथच्या कॉलेजात बसून नकाशा सांभाळायची. पहिल्या नकाशात केंद्र धरणाच्या पाण्याखाली आलं होतं. दोघी खूश होत्या.

मग बनूबाई भेटल्या. माणूस तेव्हा जिथे होता तिथेच त्याला बसवून विचारायचं, ही सुनेत्राची पद्धत. जागा समोर असली की आठवणीची गाठ सुटते. पण बनूबाईंचं घर धरणात गेलेलं, म्हणून दोघी काठावर बसल्या. म्हातारीनं पाण्याकडे बोट केलं.

"त्या तिथं माजा घर. मी तवा आठ वर्साची. भांरी वाजली नुसती. परला कायच नाय."

"आणि म्हैस? बिथरली असेल ना?"

"कशाला? उबी ऱ्हाऊन पेंढा खात होती." बनूबाईंनी बोट पाण्यावरून दुसरीकडे वळवलं. "जोराचा झाला तो तिकरं, कुलगावला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

बनूबाई पदर सावरून उठल्या.

केंद्राच्या डोक्यावर बसलेल्या बाईच्या वाट्याही पडल्या नाहीत म्हटल्यावर केंद्र तिथे राहणार कसं? ते सरकलं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यामागे राहणाऱ्या एका सिंधी आजींनी भिंतीला गेलेली चीर हातानं मापून दाखवली, तेव्हा आणखी सरकलं. जो भेटेल तो त्याला कुळगावकडे ढकलत होता.

आणि कुळगावात सुनेत्राचं घर होतं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट महिन्यातून निम्मे दिवस बंद. तिथे तिचे वडील, दिनानाथ, म्हणजे तिचे आबा, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. दुपारी ते एकटेच असत. सत्तर वर्षांपूर्वीचा भूकंप काय चालत घरी येणार आहे, असं सुनेत्रा स्वतःला दटावायची. पण जिथे एकदा होतो तिथे पुन्हा होऊ शकतो, हे तिनंच विद्यार्थ्यांना शंभरदा शिकवलेलं. तिच्या जीवाला घोर लागला.

शुक्रवारी माधवीचा फोन आला. "केंद्र थेट तुमच्या गल्लीत आलंय गं. पण ऐक, कुळगावचा एकच आकडा आहे, तोही आठ. घरं पडली असा. कोणाचा आहे हा?"

सुनेत्राला हसू फुटलं, इतकं हायसं वाटलं. सुरुवातीला प्रश्न बोलून बघावेत म्हणून ते तिनं आबांच्या खाटेशी बसून विचारले होते. मध्येच कुकर झाला म्हणून ती आत गेली, आबा फोनसमोर बोलत राहिले, आणि ते सरावाचं रेकॉर्डिंग न ऐकताच बाकीच्यांबरोबर माधवीकडे गेलं. आबा मूळचे कराडचे. ही बिल्डिंग पंधरा वर्षांची.

"काढून टाक तो. आबांनी थट्टा केलीय."

फोनवर बराच वेळ की-बोर्डचा आवाज येत होता.

"काढला," माधवी म्हणाली. "पण केंद्र तिथेच आहे, सुनेत्रा."

त्या संध्याकाळी ती आबांच्या उशाशी बसली.

"आबा, मी भूकंपाचं विचारलं तेव्हा काय सांगितलंत?"

"झालं ते सांगितलं. कपाट पडलं. मग छत."

"कुठलं छत?"

आबांनी वर पाहिलं. "हे."

"कधी, आबा?"

"दुपारी. तू मला न्यायला आली होतीस. जिन्यात होतीस. मी म्हटलं वर येऊ नकोस. पण तू कधी कोणाचं ऐकलंयस?" त्यांनी तिचा हात थोपटला. "जाऊ दे. धूळ फार होती, तुला कळलंही नसेल."

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. आपण शास्त्र शिकवतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या भ्रमाला घाबरतो, याची तिला लाज वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. तिनं ॲम्ब्युलन्स सांगितली. आबांना भावाकडे, अंबरनाथला, तळमजल्यावर न्यायचं. दुपार नको म्हणून सकाळीच या, असं तिनं तीनतीनदा बजावलं.

ॲम्ब्युलन्सवाले आले जेवणवेळ टळल्यावर. रस्ता खणला होता, म्हणाले. गल्ली सापडेना म्हणून सुनेत्राला खाली जावं लागलं.

लिफ्ट बंद होती.

स्ट्रेचरवाले दोघे मागून येत होते. ती पुढे, भराभर चढत.

दुसऱ्या मजल्यावर फोन वाजला. आबा.

"सुनेत्रा," ते अगदी शांतपणे म्हणाले, "वर येऊ नकोस."

ती थांबली. मागचे दोघेही थांबले.

"मॅडम," खालचा म्हणाला, "रेलिंग तुम्ही हलवताय काय?"

सुनेत्राचे दोन्ही हात फोनला होते.