पायरीवरची वाळू

माझ्या मोठ्या बहिणीचं, रेजिनाचं लग्न झालं ते १९९८ साल. मांडव उतरला त्याच आठवड्यात मी पाचूबंदरच्या धक्क्यावर घसरले. डोक्यावर पाटी होती. बोंबील पायऱ्यांवर आणि मी बोंबलांवर!

खांद्यावर बर्फाची लादी घेऊन एक जण उतरत होता. लादी बाजूला ठेवून त्यानं हात पुढे केला. हात थंडगार होता.

"लागलं काय गो, फ्लोरा?"

"माझं नाव कोनी सांगितलं?"

"बहिणीच्या लग्नात नाचत होतीस ना... तवाच विचारून ठेवलं."

तो सिप्रियन. दुसऱ्या दिवशी बघते तर शेवाळलेल्या सगळ्या पायऱ्यांवर वाळू! रोज पहाटे किनाऱ्यावरून घमेलं भरून आणायचा. लिलाव पुकारणारे युजीनकाका ओरडायचे, "अरे, वाळूतले बोंबील कोन घेईल?"

"धुऊन विका, काका. फुटलेलं डोकं धुऊन भागत नाय."

बोलायचा काकांशी, बघायचा माझ्या पायांकडे... मी मान वळवून हसायची.

पावसाळ्यात होड्या बंद राहिल्या. ऑगस्टमध्ये धक्का पुन्हा सुरू झाला, तशी पायऱ्यांवर वाळूही आली. होड्यांना आशीर्वाद द्यायला फादर येणार होते. आदल्या दिवशी सिप्रियन म्हणाला, "उद्या आयला आनतो. मिस्सा झाली की ती तुझ्या बाबांशी बोलेल."

"आणि बाबा नाय म्हणाले तर?"

"बर्फ हाय की आपल्याकडं. थंड करू त्यांना."

त्याची आई येणार, फादर येणार, आणि पायऱ्यांवर हा राडा? पहाटे उठून मी काथ्यानं सगळ्या पायऱ्या घासल्या. कण ठेवला नाही. काळा दगड चमकायला लागला. वाळू गेली, बुळबुळ राहिली... ते मला दिसलं नाही.

सिप्रियन नवे बूट घालून आला. "एवढी एक लादी होडीत टाकतो," म्हणाला आणि उतरला. चौथ्या पायरीवर पाय गेला. डोकं दगडाच्या कडेवर आपटलं. वर त्याची आई केकचा डबा धरून उभी होती.

इस्पितळात त्यानं विचारलं, "वाळू... कुठं गेली गो?"

"पावसानं नेली," मी म्हणाले.

त्या दिवशी कडक ऊन होतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"पाऊस... बरं," म्हणाला, आणि माझा हात धरला. या वेळी हात गरम होता.

पुढं धक्क्यावर वाळू मी टाकत आले. सणालासुद्धा.

सिप्रियन गेला २९ ऑगस्ट १९९८ रोजी, शनिवारी सकाळी.