मागच्या खुर्चीवरून दोन टाळ्या

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडा. मी शपथा घालत बसणार नाही.

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. इथे भर दुपार होती. मंगळवार, १३ ऑक्टोबर २००९. लख्ख ऊन, आणि मी पूर्ण शुद्धीत.

मी विब्के ल्यूर्स. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून सुट्टीच्या प्रवाशांना नेणाऱ्या एका विमान कंपनीत बावीस वर्षं केबिनप्रमुख होते. कंपनीचं नाव सांगणार नाही. विमानांची शेपटी जांभळी, म्हणून आम्ही तिला 'जांभळी' म्हणायचो. १९६७ साली पंख्याची दोन जुनी विमानं घेऊन तिने कारखान्यातल्या कामगारांना बायकामुलांसकट स्पेनच्या मयोर्का बेटावर न्यायला सुरुवात केली. पुढे जेट आली. उन्हाळ्यात एकेक विमान दिवसाला चार उड्डाणं करायचं, हिवाळ्यात कॅनरी बेटं.

आमचे प्रवासी विमान उतरलं की टाळ्या वाजवायचे. मोठ्या कंपन्यांची माणसं त्यावरून आम्हाला हसायची.

पण त्या टाळ्या आपोआप सुरू होत नव्हत्या.

सुरुवात गुद्रुन करायची.

गुद्रुन पोल आमच्यातली सगळ्यात जुनी, १९७२ पासूनची. शेवटच्या दाराजवळची घडीची खुर्ची कायम तिची. चाकं टेकली की ती मागून दोन टाळ्या द्यायची. मी पुढून दोन देऊन साथ करायची. मग अख्खं विमान.

"लोकांना वाटतं त्यांनीच सुरू केलं," ती म्हणायची. "दोघींनी मिळून फसवलं की दोनशे माणसं फसतात बघ."

तेव्हा मी हसले होते.

त्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरने तिला सांगितलं, हृदय थकलंय, उडणं बंद कर. ब्रेमेनच्या एका प्रशिक्षण शाळेत नव्या हवाईसुंदरींना शिकवायची नोकरी तिला चालून आली होती. जमिनीवरची, दिवसाची. पत्र हातात होतं.

त्याच दिवसांत कंपनी विकणार अशी कुजबुज सुरू झाली. एकहार्ट ब्रांडिस आमचा कॅप्टन, आणि मालकांपुढे कर्मचाऱ्यांची बाजू मांडणाराही तोच. त्याने मला कॅन्टीनमध्ये बाजूला घेतलं.

"ऑक्टोबरपासून आपलीच शाळा निघतेय, विब्के. गुद्रुन तिची प्रमुख. माझा शब्द आहे. एवढा उन्हाळा थांबव तिला. तुझं ऐकते ती."

एकोणीस वर्षं मी त्याच्याबरोबर उडत होते. वादळात सगळे खुर्ची धरून बसायचे, तेव्हा त्याच्या भरवशावर मी निवांत असायचे. शंका कशाला घेऊ?

मी गुद्रुनला गाठलं.

"ब्रेमेनच्या पोरींना शिकवणार, मग आपल्या पोरींनी काय घोडं मारलंय?"

"डॉक्टर ओरडतोय गं."

"एकच उन्हाळा. ऑक्टोबरपासून आपलीच शाळा, आणि तू तिची प्रमुख."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तू सांगतेयस, की एकहार्ट?"

"मी सांगतेय," मी म्हणाले.

तिने ब्रेमेनचं पत्र फाडून कॉफीच्या रिकाम्या कपात टाकलं.

सप्टेंबरमध्ये मयोर्कातल्या पाल्माच्या हॉटेलात सकाळी सगळे बसमध्ये बसलो, गुद्रुन खाली आली नाही. मी वर गेले. गणवेश अंगात, रुमाल गळ्यात, एकाच पायात बूट. पलंगाच्या काठावर बसल्या बसल्या गेली होती.

महिन्याभरात मला निरोप आला. एक विमान दुरुस्तीसाठी स्पेनमध्ये न्यायचंय, चार दिवसांचं काम, केबिनचा ताबा द्यायला तू सोबत जा. चालवायला एकहार्ट आणि एक नवा सहवैमानिक. शुक्रवारी माझं कॅनरीतल्या फुएर्तेव्हेंतुरा बेटाचं उड्डाण लागलेलं होतंच.

एकशे एकोणनव्वद रिकाम्या खुर्च्या. मी पुढे, मागे तोंड करून बसले.

विमान धावू लागलं, आणि मागून आवाज आला...

खट.

शेवटच्या दाराजवळची घडीची खुर्ची खाली झाली होती. तिला स्प्रिंग असते. कुणी बसलेलं नसेल तर ती खाली राहतच नाही.

ती राहिली.

मग पट्ट्याचा खटका लागला...

स्प्रिंग गेली असेल, मी मनाशी म्हटलं. वर गेल्यावर मागे जाऊन पाहिलं. खुर्ची मिटलेली. खाली ओढून सोडली, तर ताडकन वर गेली. स्प्रिंग अगदी ठणठणीत.

मी पुढे येऊन बसले. दोन तास काहीच नाही. उतरायला सुरुवात झाली आणि केबिनचा फोन वाजला. फोनवर मागच्या दाराचा दिवा लागला होता.

मी उचलला. कुणीतरी श्वास घेत होतं...

"मागे सगळं तयार."

उतरण्याआधी गुद्रुन हेच म्हणायची. सदतीस वर्षं हेच. आणि त्यानंतर ठरलेला प्रश्न, पुढचं उड्डाण कुठे.

"विब्के, शुक्रवारी कुठे?"

फोन बंद झाला.

खाली तपकिरी माळ दिसला. त्यावर विमानांच्या रांगा. कुणाला इंजिन नाही, कुणाच्या खिडक्या चंदेरी कागदाने बुजवलेल्या.

चाकं टेकली.

टप... टप.

मागून. मग शांतता.

ती थांबली होती. माझ्या साथीसाठी. माझे हात मांडीवर होते, ते उचलेनात.

टप... टप.

गुद्रुनला कधी दोनदा सुरुवात करावी लागली नव्हती.

विमान थांबलं. मागे खुर्ची मिटल्याचा आवाज आला.

एकहार्ट बाहेर आला. माझ्या तोंडून तेच निघालं. "शुक्रवारी कुठे?"

त्याने टोपी काढली. खिडकीबाहेर दोन माणसं शिडी घेऊन आली होती आणि आमचं इंजिन झाकायला लागली होती.

"शुक्रवार नाहीये, विब्के. कंपनी बंद. उद्या सकाळी जाहीर करतील."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मेपासून."

"आणि शाळा?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, "माणसं आधीच निघून गेली असती तर उन्हाळ्याची उड्डाणं कोलमडली असती. कंपनी विकत घेऊन बंद करणाऱ्यांना उन्हाळ्याची कमाई पूर्ण हवी होती. त्यांनी मला त्यांच्याकडे नोकरीवर घेतलंय. मेमध्येच सही झाली."

"मग तिच्याकडे मला का पाठवलंस?"

"माझं तिने ऐकलं नसतं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. त्याने गुद्रुनला मधाचं बोट लावलं होतं, आणि ते बोट माझं होतं.

"टाळ्या ऐकल्यास?" मी विचारलं.

"कसल्या टाळ्या?" सहवैमानिकानेही नाही म्हणून मान हलवली.

कितीतरी दिवस मला त्याचाच राग येत राहिला. खोटं त्याचं, मग ती त्याच्याकडे का गेली नाही? तो आजही दुसऱ्या रंगाच्या शेपटीचं विमान उडवतो. त्याला झोप लागते म्हणे.

मी वर्षातून एकदा बहिणीकडे कॅनरी बेटांवर लास पाल्मासला जाते, साधी प्रवासी म्हणून. हल्ली टाळ्या फारशा कुणी वाजवत नाही. चाकं टेकतात, लोक लगेच फोन काढतात.

आणि मागून येतं...

टप... टप.

कुणी वळून बघत नाही. मीही नाही. थोड्या वेळाने पुन्हा येतं, आणि मग खुर्ची मिटते.

तिने मला विचारलं होतं, हे तू सांगतेयस की एकहार्ट. तेव्हा खरं सांगायला दोन शब्द पुरले असते.

ती अजून साथीची वाट बघते. माझे हात अजून उचलत नाहीत.