पट्टी कुणावर ठेवायची

धाकटी बाइंडिंगच्या दुकानात शिरली ती खरं तर डिंकाची बाटली घ्यायला. पण हातातलं पाकीट निसटलं आणि घरच्या प्रिंटरवर काढलेले बारा फोटो टेबलाखाली पसरले. तरुण बाइंडरने ते एकेक करून उचलले, कडांवर नजर फिरवली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं,

"घरात उंदीर फार झालेत का?"

"कात्रीने कापलेत मी," ती फणकारली.

"मग उंदरांची माफी मागतो."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

ताई नोकरीसाठी आठवड्याभरात परदेशी निघणार होती. तिला घरच्या माणसांचा अल्बम करून द्यायचा घाट धाकटीने घातला होता. फोटो कापून द्याल का, म्हटल्यावर बाइंडर म्हणाला, "आमचं मशीन वह्यांसाठी आहे. संध्याकाळी या, शिकवतो. पण दिवसाला तीनच."

मग काय, ती रोज जायला लागली. खाली रबरी चटई, तिच्यावर फोटो, फोटोवर स्टीलची पट्टी. डिंकाचा ओला वास आणि खिडकीतून टेबलावर आलेलं कलतं ऊन.

"जोर नका लावू. हलक्या हाताने तीनदा फिरवा. आणि पट्टी फोटोवर ठेवा, बाहेरच्या कागदावर नाही. पातं घसरलंच तर कचरा कापला जावा, माणसं नाहीत. जे वाचवायचं, त्याच्यावर पट्टी."

सांगताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागायचं, आणि मग दोघंही उगाच पट्टीवरचे आकडे वाचत बसायची.

"तीन फोटोंना दोन तास?" आई म्हणायची. "अगं, एवढ्या वेळात लोक घर बांधून राहायलासुद्धा जातात."

आज आठवलं की धाकटीला हसू येतं, पण तेव्हा ती रोज उरलेले फोटो मोजायची. फोटो संपत आले होते. ते संपले की दुकानात जायला निमित्त उरणार नव्हतं, आणि हा प्राणी कडांपलीकडे काही बोलायला तयार नव्हता.

एक दिवस अल्बमच्या वेष्टनाचं कापड निवडायला ताई दुकानात आली. धाकटीने तिचा फोटो काढला. घरी छापल्यावर बघते तर कडेला बाइंडरही उभा, आणि त्याची नजर कॅमेऱ्याच्या जरा वर... जिथे ती होती तिथे. नेमका कागद प्रिंटरने तिरका ओढला होता.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने तो तेरावा फोटो चटईवर ठेवला. "उजवी कड सरळ करायची तर मी जाणार. दुसरा काढा की."

"शाई संपली. आणि ताई उद्या निघतेय."

"मग जाऊ दे. घरच्यांच्या अल्बममध्ये परक्याचं काय काम?"

त्याने पट्टी ताईवर ठेवली. तो स्वतः कचऱ्याच्या बाजूला राहिला. कटर टेकवला, पण हात काही चालेना.

धाकटीने पट्टीवर बोट ठेवलं आणि ती हळूच उजवीकडे सरकवली – त्याच्यावर.

"कड वाकडी येईल," तो पुटपुटला.

"येऊ दे. नियम तुमचाच आहे ना?" तिने पट्टीवरचं बोट काढलं नाही. "मला तुम्ही हवे आहात... फोटोत, आणि नंतरही."

त्याने कटर खाली ठेवला.

"बारा फोटो एका तासात होतात," तो म्हणाला. "तीनच का करू देत होतो, काय वाटलं तुला?"

तो 'तू' तिने अजून जपून ठेवलाय. ताई अजूनही फोनवर चिडवते, "माझ्या अख्ख्या अल्बममध्ये एकच फोटो वाकडा, आणि तोच नेमका मेहुण्यांचा."

परवा जुना प्रिंटर भंगारात द्यायला काढला. त्याने झाकण उघडलं. आत अर्धी शाई वाळून बसली होती.

"संपली होती ना गं?"

धाकटी खिडकीचा पडदा सारखा करू लागली. पण त्या फोटोतल्यासारखाच तो आपल्याकडे बघतोय, हे तिला न वळताही कळलं.