फिन्टनचं कोंबडीछाप नाणं

आयर्लंडातल्या आमच्या एनिसटायमन गावात नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपली की कॉनलच्या पबात पोकरची स्पर्धा असते. माझा नवरा फिन्टन गेल्यापासून ती त्याच्या नावाने भरते. त्याची खुर्ची रिकामी ठेवतात, पुढ्यात डावाला लावायच्या चकत्या आणि त्याचं जुनं कोंबडीछाप नाणं मांडतात. त्याला पत्तेही वाटतात आणि न बघताच बाजूला टाकतात. पाळी आली की सक्तीची बोली मात्र त्याच्या चकत्यांतून जाते, आणि अशा झिजत झिजत त्या संपतात.

यंदा मीच कॉनलला सांगितलं होतं, चकत्या संपल्या की खुर्ची काढून टाक, कायमची. किती वर्षं कुढायचं माणसाने? सांगून बसले खरी, पण मन मानत नव्हतं.

फिन्टन म्हणजे महाचिकट. एक्का-राजा नाहीतर मोठी जोडी आली तरच पत्त्यांवर नाणं ठेवायचा. म्हणजे हे खेळणार, उचलू नका. मी कानीकपाळी ओरडायचे की अरे बाबा, टेबलावर माणसं कमी झाली की हलके पत्तेही खेळावे लागतात, वाट बघत बसलास तर बोलीच तुला खाईल. ऐकेल तर शपथ!

तो आणि मी धरून सहाजण उरलो तेव्हा पत्ते वाटणारा कॉनल फिन्टनचे पत्ते उचलायला गेला आणि थांबला. नाणं पत्त्यांवर होतं.

"कोणाचा चावटपणा हा?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले. पण नियम तो नियम. नाण्याखालचे पत्ते उचलता येत नाहीत. त्याने सगळ्या चकत्या लावल्या असं धरायचं ठरलं. पत्ते उघडले तर राण्यांची जोडी, आणि डाव त्याचा.

मग सगळेच त्या नाण्यावर डोळा ठेवून बसले. हलताना ते कोणालाच दिसलं नाही. चौघं उरलो तेव्हा ते एक्का-नव्वीवर होतं. तिघं उरलो तेव्हा राजा-सत्तीवर. मला रडू फुटलं. शिकला, मेला, एकदाचा शिकला.

शेवटी तो आणि मी.

माझ्या चकत्या जास्त, हातात एक्क्यांची जोडी. त्याच्या पत्त्यांवर नाणं. मी खेळले असते तर खुर्ची गेल्यातच जमा होती.

"टाकले," मी म्हटलं.

कॉनलला राहवलं नाही. त्याने फिन्टनचे पत्ते उलटले. सत्ती-दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. याहून वाईट पत्ते नसतात.

"असं कोण खेळतं, डिम्फना?"

"मीच शिकवलंय त्याला. खुर्ची राहू दे, कॉनल."

त्याने मान डोलावली आणि पुन्हा पत्ते वाटले.

फिन्टनच्या पत्त्यांवर काही नव्हतं.

कॉनल माझ्या हाताकडे बघत होता. मीही खाली बघितलं.

नाणं माझ्या पत्त्यांवर होतं. मी ते अजून उचलूनही बघितले नव्हते, तरी सगळ्या चकत्या लागल्या. नियम तो नियम.